इंग्रजी येते, तरी प्रबंध का अडतो?

प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाच्या समासात गाईडनी लाल शाईने दोनच शब्द लिहिले होते : ‘इंग्रजी सुधारा’. तो कागद घेऊन माझ्याकडे आलेली मुलगी राधानगरीकडची, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, रसायनशास्त्रात एमएस्सी प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झालेली आणि आता गुळावर पीएचडी करणारी. गुऱ्हाळात रानभेंडीच्या चिकट रसाने उसाचा रस निवळतात, मळी वर येते आणि ती काढून टाकतात. अशा रीतीने केलेला गूळ पावसाळ्यात किती टिकतो, हा तिचा विषय. ‘मॅडम, सुधारा म्हणजे नेमके काय करू? ग्रामर चेकरमध्ये टाकून बघितले, त्याला एकही चूक सापडत नाही,’ असे ती म्हणाली, आणि तिचे म्हणणे खरे होते. वाक्ये शुद्ध होती. मात्र तीन पाने वाचून झाली, तरी तिला काय शोधायचे आहे हे कळत नव्हते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएचडीचे नवे नियम लागू केले. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापून आलेला असलाच पाहिजे, ही सक्ती त्यांत रद्द झाली. त्याची चर्चा भरपूर झाली. त्याच नियमांत कोणत्याही विद्याशाखेच्या संशोधकाने आपल्या विषयाशी संबंधित अध्यापनाचे आणि लेखनाचे प्रशिक्षण घ्यावे, असेही म्हटले आहे. त्याची चर्चा जवळजवळ झालीच नाही. हे लेखनाचे प्रशिक्षण म्हणजे नेमके कशाचे, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडतो आणि खरे सांगायचे तर शिकवणाऱ्यांनाही पडतो. एका वाक्यात उत्तर द्यायचे, तर ते शैक्षणिक इंग्रजीचे प्रशिक्षण आहे. संशोधन मांडताना, तपासताना आणि त्यावर वाद घालताना जाणकार मंडळी आपसांत ज्या ठरावीक पद्धतीने इंग्रजी लिहितात आणि बोलतात, ती पद्धत म्हणजे शैक्षणिक इंग्रजी.

खरेदीखताची मराठी कोणाची मातृभाषा असते?

आपण जन्मभर मराठी बोलतो. तरीही गावाकडची दहा गुंठे जमीन विकायची वेळ आली, की खरेदीखत लिहायला वकिलाकडे किंवा दस्तलेखकाकडे जातो. ‘लिहून देणार’, ‘लिहून घेणार’, ‘चतुःसीमा’, ‘निर्वेध कब्जा’ हे शब्द मराठीच आहेत; पण कोणता शब्द कुठे यावा, काय आधी सांगावे आणि काय मुळीच सांगू नये, हे त्या व्यवहारात वावरल्याशिवाय समजत नाही. दस्त लिहिता आला नाही म्हणून तुमची मराठी कच्ची आहे, असे कोणी म्हणणार नाही.

शैक्षणिक इंग्रजीचेही असेच आहे. लंडनमध्ये जन्मलेल्या मुलालाही ती घरात मिळत नाही, विद्यापीठातच शिकावी लागते. जिम कमिन्स या कॅनडातील अभ्यासकाने १९७९ मध्ये रोजच्या बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत स्पष्ट भेद केला. बाहेरून आलेली मुले खेळाच्या मैदानावरचे इंग्रजी साधारण दोन वर्षांत उचलतात, पण वर्गातल्या अभ्यासाच्या इंग्रजीत बरोबरीच्या मुलांना गाठायला त्यांना पाच ते सात वर्षे लागतात, असे त्याला दिसले. ही मुले तर सकाळ-संध्याकाळ इंग्रजीतच राहणारी. चंदगड, जत किंवा माणच्या गावातून शिवाजी विद्यापीठात येणाऱ्या मुलाचा इंग्रजीशी संबंध पुस्तकातून आणि मोबाइलमधून येतो. त्याने एमएच्या दोन वर्षांत हे सगळे आपोआप आत्मसात करावे, ही अपेक्षा कशाच्या आधारावर केली जाते, ते मला समजलेले नाही.

म्हणूनच ‘फाडफाड इंग्रजी’च्या क्लासचा इथे फारसा उपयोग होत नाही. भीड चेपते, हा फायदा खरा आहे. पण हॉटेलात ऑर्डर कशी द्यावी, हे येत असले म्हणून निष्कर्ष कसा मांडावा, हे येत नाही.

निबंधाची सवय आणि प्रस्तावनेच्या तीन पायऱ्या

गुळाच्या प्रकरणाकडे परत येऊ. तिचे पहिले वाक्य मराठीत सांगायचे, तर असे होते : ‘प्राचीन काळापासून भारतीय संस्कृतीत गुळाला अनन्यसाधारण महत्त्व आहे.’ त्यानंतर आयुर्वेद, मग उसाचा इतिहास, मग कोल्हापूरचे हवामान, मग कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन. रानभेंडी तिसऱ्या पानाच्या तळाशी, जणू चुकून आल्यासारखी.

ही चूक इंग्रजीची आहेच कुठे? शाळेत आपण जो निबंध शिकतो, त्यात आरंभ भारदस्त असावा, विषयाची थोरवी गावी आणि मुद्द्याकडे फेरफटका मारत यावे, अशी रीत असते. त्या रीतीने तिला दहावीत चांगले गुण मिळवून दिले होते, मग ती तिने का सोडावी? कोणी सोडायला सांगितलेच नव्हते.

शोधनिबंधाची प्रस्तावना वेगळ्या रीतीने चालते. जॉन स्वेल्स या भाषाअभ्यासकाने निरनिराळ्या विषयांतील ४८ शोधनिबंधांच्या प्रस्तावना तपासल्या आणि १९९० मध्ये त्यांतील समान चाल तीन पायऱ्यांत मांडली. पहिल्या पायरीवर लेखक शेत दाखवतो : या विषयात आजवर कोणी काय केले आहे. दुसऱ्या पायरीवर तो त्या शेतातला पडीक तुकडा दाखवतो : अमुक गोष्ट अजून कोणी तपासलेली नाही, किंवा तपासली तिथे निष्कर्ष जुळत नाहीत. तिसऱ्या पायरीवर तो नांगर धरतो : तो तुकडा मी कसणार आहे, तो असा. सगळ्या विषयांतल्या सगळ्या प्रस्तावना याच साच्यात बसतात, असे नाही. साहित्य आणि इतिहास या विषयांत बरीच मोकळीक असते. पण विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांच्या वाचकाला ही वाट इतकी सवयीची झालेली असते, की पडीक तुकडा दिसला नाही तर तो पाने उलटू लागतो.

हे आम्ही आधी मराठीत केले. एका पाठकोऱ्या कागदावर मी तिला तीनच वाक्ये लिहायला लावली. ‘गूळ निवळण्यासाठी वनस्पतींचे रस वापरण्यावर काम झाले आहे.’ ‘त्यातले बहुतेक काम गुळाचा रंग आणि स्वच्छता यांवर आहे, पावसाळी हवेत तो किती ओलावा धरतो, याकडे माझ्या वाचनात तरी फारसे कोणी पाहिलेले नाही.’ ‘म्हणून मी करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळांतील नमुने जून ते सप्टेंबर असे चार महिने तपासले.’ दुसरे वाक्य लिहायला तिला पाऊण तास लागला, कारण ते लिहिण्यासाठी वाचलेले सगळे निबंध एकमेकांशेजारी ठेवून पाहावे लागतात. ते वाक्य अडते, तेव्हा वाचन अडलेले असते. भाषेचा तिथे फारसा संबंध नसतो. तीन पानांचे प्रास्ताविक त्या कागदामुळे सव्वा पानावर आले, आणि आयुर्वेद गेला त्याचे तिला थोडे वाईट वाटले.

क्रियापद शेवटी, त्यामुळे वाचक ताटकळतो

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि त्याआधी कितीही विशेषणे रचली, तरी आपल्याला वाट पाहण्याची सवय असते. ‘करवीर तालुक्यातील गुऱ्हाळांतून गोळा केलेल्या, रानभेंडीच्या रसाने निवळलेल्या गुळाच्या नमुन्यांतील ओलाव्याचे प्रमाण मोजले’ हे वाक्य मराठीत चालून जाते. हीच उतरंड तशीच इंग्रजीत नेली, की ‘वॉज मेजर्ड’ येईपर्यंत वीस-बावीस शब्द निघून जातात आणि इंग्रजी वाचकाचा दम संपतो. त्याला कर्ता आणि क्रियापद लवकर हवे असते : ‘वी मेजर्ड मॉइश्चर’, आणि मग कशातले, कुठले, किती दिवस.

‘अ’ आणि ‘द’ या उपपदांचा गोंधळही इथलाच. मराठीत ती नाहीत, म्हणून ती आपल्या हातून सुटतात. गाईड मंडळींची लाल शाई सर्वांत जास्त त्यांच्यावरच खर्च होते आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे. घराचा स्लॅब टाकायच्या आधी कोणी रंगाचे डबे आणत नाही. आधी युक्तिवाद, मग परिच्छेद, मग वाक्य आणि शेवटी उपपदे, हा क्रम ठेवला तर विद्यार्थ्याचे निम्मे कष्ट वाचतात. ज्या परिच्छेदातले ‘द’ रात्रभर बसून दुरुस्त केले, तो परिच्छेदच पुढच्या मसुद्यात वगळला जातो, हा अनुभव पुष्कळांचा आहे.

शब्दसंग्रहाबद्दलची भीतीही अशीच वाढवून ठेवलेली आहे. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली सर्व विद्याशाखांना सामाईक असलेल्या शैक्षणिक शब्दांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात ५७० शब्दकुळे आहेत. शब्दकुळे म्हणजे ‘ॲनालिसिस’, ‘ॲनालाइझ’, ‘ॲनालिटिकल’ असे एकाच मुळाचे सगळे शब्द मिळून एक. शैक्षणिक मजकुरातला साधारण दहावा हिस्सा एवढ्याच कुळांनी व्यापला आहे, तर कथा-कादंबऱ्यांत त्यांचे प्रमाण दीड टक्काही भरत नाही. म्हणजे इंग्रजी कादंबऱ्या वाचून हे शब्द येत नाहीत, पण नेट लावून शिकायचे ठरवले तर वर्षभराच्या आत हाताशी येऊ शकतात. विषयाचे पारिभाषिक शब्द विद्यार्थ्याला बहुधा येतच असतात. गुळाच्या मुलीला ‘हायग्रोस्कोपिक’ (हवेतला ओलावा शोषणारा) येत होते, ‘व्हेअरॅज’ (याउलट) येत नव्हते.

‘सिद्ध झाले’ म्हणण्याची घाई

आपल्या चौकात ठामपणे बोलणाऱ्याला मान असतो. कोल्हापूरकराला ‘कदाचित’ हा शब्द फारसा आवडत नाही. संशोधनात मात्र तोच शब्द कामाचा ठरतो.

वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएच्या रचनेवरचा निबंध १९५३ मध्ये ‘नेचर’मध्ये छापला. मजकूर जेमतेम एका पानाहून थोडा अधिक, आणि जीवशास्त्राची दिशा बदलणारा. त्याची सुरुवात ‘आम्ही एक रचना सुचवू इच्छितो’ अशा अर्थाच्या वाक्याने होते. आनुवंशिकतेचे रहस्य उलगडल्याची डौंडी त्यात कुठेही नाही. या जोड्यांवरून अनुवंशद्रव्याची नक्कल कशी होत असेल याची एक शक्यता सुचते आणि ती आमच्या नजरेतून सुटलेली नाही, एवढेच ते शेवटाकडे म्हणतात.

याला सावध विधान म्हणू. ‘प्रूव्ह्ज’च्या जागी ‘सजेस्ट्स’, ‘इज’च्या जागी ‘मे बी’. तीस नमुन्यांवरून ‘रानभेंडीमुळे गूळ टिकतो’ असे लिहिले, की व्हायवाला, म्हणजे प्रबंधावरच्या तोंडी परीक्षेत, परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारणार : पुढच्या वर्षी पाऊस वेगळा पडला तर? ‘या नमुन्यांत ओलावा कमी आढळला, त्यावरून टिकाऊपणा वाढत असावा’ असे लिहिले, तर उत्तर वाक्यातच असते. हे भित्रेपणाचे लक्षण समजू नये. पुरावा जेवढा आहे तेवढेच बोलणे, एवढाच त्याचा अर्थ आहे. उलट प्रत्येक वाक्यात तीन-तीन ‘कदाचित’ पेरले, तर लेखकाला स्वतःचेच म्हणणे पटलेले नाही असे दिसते, हेही सांगायला हवे.

वाकळ शिवणे आणि दहा टक्के

सगळ्यात जास्त घाबरवणारा शब्द ‘प्लेजॅरिझम’, म्हणजे वाङ्मयचौर्य. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल, तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के असेल, तर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारून द्यावे लागते. चाळीस ते साठ टक्के असेल, तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. साठच्या वर गेले, तर नोंदणीच रद्द होते. योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, प्रमाण सूत्रे, तसेच सलग चौदा शब्दांपर्यंतचे सर्वसामान्य किंवा योगायोगाचे साम्य यांत धरले जात नाही.

विद्यार्थी या टक्क्यांकडे इन्कम टॅक्सच्या स्लॅबसारखे पाहतात : नऊ टक्के आले, सुटलो. सॉफ्टवेअर फक्त जुळणारे शब्द मोजते. कल्पना उचलून शब्द बदलले तर त्याला ते अनेकदा दिसतही नाही, पण चौर्य ते असतेच.

मुलांच्या लेखनात प्रत्यक्षात आढळते, ते बहुधा चोरीपेक्षा वाकळ शिवण्यासारखे असते. एका निबंधातला अर्धा तुकडा, दुसऱ्यातला पाऊण, मध्ये चार समानार्थी शब्दांचे टाके. ‘इम्पॉर्टंट’ काढून ‘क्रुशियल’, ‘शो’ काढून ‘एक्झिबिट’. हे करणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्या विषयावर स्वतःचे वाक्य करण्याइतका त्याचा इंग्रजीवर विश्वास नसतो, एवढेच. यावर मला उपयोगी पडलेला उपाय असा आहे : परिच्छेद वाचावा, पान बंद करावे, त्यात काय म्हटले ते शेजारच्या मित्राला मराठीत सांगावे आणि मग ते सांगणे इंग्रजीत लिहावे. मराठीतून जाऊन आलेले वाक्य मूळ इंग्रजी वाक्यासारखे राहत नाही. मूळ लेखकाचे नाव मात्र तरीही द्यावेच लागते. पुष्कळांना वाटते की शब्द आपले झाले म्हणजे कल्पनाही आपली झाली.

तीन मिनिटांत नऊ तास

बोलण्याकडे आपण फारच कमी लक्ष देतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये एक स्पर्धा सुरू केली : संशोधकाने आपला प्रबंध तीन मिनिटांत, एकाच स्थिर स्लाइडच्या आधारे, विषय न जाणणाऱ्या श्रोत्यांना सांगायचा. ८०,००० शब्दांचा प्रबंध वाचून दाखवायला नऊ तास लागतात, असा तिथला हिशेब आहे. कल्पना आली ती दुष्काळातून. त्या काळी तिथे पाणी वाचवण्यासाठी लोक न्हाणीघरात तीन मिनिटांची वाळूची घड्याळे लावत असत.

आपल्याकडच्या सेमिनारमध्ये चित्र उलटे असते. वीस स्लाइड, प्रत्येकीवर बारा ओळी, आणि वक्ता पाठ फिरवून त्या वाचतो आहे. वाचून दाखवणे हा भीतीवरचा तोडगा आहे आणि तो मला समजतो. पण त्यामुळे स्लाइडबाहेरचे पहिले वाक्य थेट व्हायवाच्या प्रश्नोत्तरांतच बोलावे लागते.

उच्चारांबद्दल एवढेच सांगते, की मराठी वळण जाण्याची काहीही गरज नाही. जे अर्थाच्या आड येते तेवढेच बदलावे आणि त्यात मुख्य गोष्ट शब्दावरच्या आघाताची. मराठीत सगळी अक्षरे साधारण सारख्या जोराने म्हटली तरी चालते. इंग्रजीत ‘ॲनालिसिस’मध्ये जोर दुसऱ्या अक्षरावर आणि ‘ॲनालिटिकल’मध्ये तिसऱ्यावर पडतो. जोर भलतीकडे गेला, तर परदेशी परीक्षकाला ओळखीचा शब्दही ओळखू येत नाही. विषयातले असे पंचवीस-तीस शब्द निवडून त्यांचा सराव केला, तर पुरते.

प्रश्नांना सामोरे जाणे हेही शिकवावे लागते. प्रश्न कळला नाही, तर ‘सॉरी’ म्हणून गप्प न बसता प्रश्न आपल्या शब्दांत परत सांगून ‘असेच विचारायचे आहे ना?’ असे विचारता येते. जे तपासलेले नाही ते ‘बियाँड द स्कोप ऑफ धिस स्टडी’ एवढ्या पाच-सहा शब्दांनी सीमेबाहेर ठेवता येते. तालमीत वस्ताद नवख्या पोराला थेट मैदानात उतरवत नाही, रोज जोडीदाराशी धरायला लावतो. व्हायवा मात्र आपण थेट मैदानातच ठेवतो.

‘मग मराठीतच का नको?’ आणि दुसरे दोन आक्षेप

पहिला आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मग संशोधन इंग्रजीत का लिहावे? ज्या विषयांचा वाचक मराठी आहे, ते मराठीतच लिहावेत, आणि मराठी, इतिहास, समाजशास्त्र अशा विषयांत तसे लिहिलेही जाते. पण गुळातल्या ओलाव्यावर काम करणारा दुसरा माणूस ब्राझीलमध्ये किंवा थायलंडमध्ये बसलेला असू शकतो आणि त्याच्याशी बोलायला आज इंग्रजीच लागते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी रसायनशास्त्राच्या अभ्यासकाला जर्मन शिकावे लागे. उद्या आणखी काही शिकावे लागेल. विचार मराठीत करून इंग्रजीत मांडण्याला कमीपणा मानण्याची सवय मात्र जायला हवी, कारण वर सांगितलेल्या तीन वाक्यांचा कागद मराठीत नसता, तर तो झालाच नसता.

दुसरा आक्षेप : आता यंत्रच लिहून देते, मग शिकायचे कशाला? मुलीने तेही करून पाहिले होते. तिने ‘सजेस्ट्स’ लिहिलेले वाक्य यंत्राने घोटून गुळगुळीत केले आणि त्यात ‘निर्विवादपणे दाखवून देते’ अशा अर्थाचा शब्द घातला. वाक्य देखणे झाले, विधान खोटे झाले. ही साधने अस्तित्वात नसलेले संदर्भही बिनदिक्कत रचून देतात. उपपदे तपासायला, अवघड परिच्छेद समजून घ्यायला ती जरूर वापरावीत. पण त्यांनी केलेली दुरुस्ती बरोबर की चूक, हे ओळखायला जे ज्ञान लागते, ते नेमके हेच ज्ञान आहे.

तिसरा आक्षेप सहकाऱ्यांचा असतो : हे शाळेत शिकून यायला हवे होते, आमचे काम नव्हे. शाळेत शोधनिबंध नसतो, त्यामुळे तो लिहिण्याची रीतही नसते. यापलीकडे या आक्षेपात उत्तर देण्यासारखे काही नाही.

वर्ग कसा असावा

इंग्रजीच्या प्राध्यापकाने एकट्याने घेतलेला वर्ग व्याकरणाकडे सरकतो आणि विषयाच्या गाईडने एकट्याने घेतलेला ‘चांगले लिहा’ या उपदेशाकडे. दोघे एकत्र बसले पाहिजेत. भाषेच्या शिक्षकाला ‘पडीक तुकडा’ खरोखर पडीक आहे की नाही, हे कळत नाही. गाईडला तो दिसतो, पण वाक्यात कुठे हरवला हे बोट ठेवून दाखवता येत नाही.

वर्गात वापरायचा मजकूर विद्यार्थ्यांचाच असावा. आठवड्याला एक पान, तेही स्वतःच्या प्रबंधातले, आणि ते दोन वर्गमित्रांनी वाचून समासात एकच प्रश्न लिहायचा : ‘तुला इथे काय म्हणायचे आहे?’ पीएचडीच्या सुरुवातीच्या कोर्सवर्कच्या सहा महिन्यांत हे जमू शकते, त्यासाठी लॅब लागत नाही, निधी लागत नाही. महिन्यातून एकदा तीन मिनिटांचे बोलणे, घड्याळ लावून, आणि श्रोते दुसऱ्या विभागाचे. इतिहासाच्या मुलाला गुळातला ओलावा कळला, तर परीक्षकालाही कळेल.

गुळाचे प्रकरण गाईडकडे परत गेले, तेव्हा समासात या वेळी दोन शब्दांऐवजी पूर्ण प्रश्न होता : नमुने करवीर तालुक्यातलेच का घेतले, पन्हाळ्याचे का नाहीत? ती तो कागद घेऊन आली तेव्हा वैतागलेली होती. आता आम्ही त्या उत्तराच्या मागे आहोत. त्यासाठी तिला आणखी चार गुऱ्हाळे गाठावी लागणार आहेत, आणि हंगाम सुरू व्हायला अजून अवकाश आहे.